उजवीकडचं गाणं

मास्तरांच्या घरात ते दोन उंच स्पीकर आले तेव्हा बायकोने हात पुसत दारात येऊन विचारलं, "ही कपाटं कुणाची उचलून आणलीत?"

"कपाटं नव्हेत, स्पीकर आहेत. तुझ्या ताईने पाठवलेत."

"आत काही ठेवता येतं?"

"आत गाणं असतं," मास्तर म्हणाले, आणि आपण जरा जास्तच बोललो असं वाटून स्वतःच लाजले.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. शहराच्या मोठ्या, छप्पर असलेल्या तलावावर ते लोकांना पोहायला शिकवत, आणि शिकलेले बुडू नयेत म्हणून काठावरच्या उंच खुर्चीत बसून लक्ष ठेवत. ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून पावलं बाहेर फेकत चालायची सवय त्यांना तरुणपणीच लागली, ती कोरड्या रस्त्यावरही सुटली नाही. मुलं त्यांना मागून 'बदकमास्तर' म्हणत. ते त्यांच्या कानावर जाई, पण कोण म्हणालं हे कधी कळत नसे. त्या तलावाची गंमतच तशी होती. भिंती गुळगुळीत फरशांच्या, छप्पर पत्र्याचं, मधे पाणी. एका टोकाला कुणी शिंकलं तर ती शिंक सगळीकडून फिरून येई आणि कुणाची होती याचा पत्ता लागत नसे.

दुपारी शाळेची मुलं गेली आणि कचेरीतली माणसं अजून यायची असली, की थोडा वेळ तलाव एकटा पडे. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे पाण्यावर उतरत आणि पाण्यावरचं ऊन छताला जाऊन हलत राही. मास्तर ते बघत बसत. डोळे उघडे, पण माणूस जागेवर नाही. कुणी विचारलं, की सफाईवाली बाई उंच खुर्चीकडे बोट दाखवून म्हणे, "तिथे बसलेत. पण सध्या बाहेरगावी आहेत."

स्टिरिओ होता साडूंचा. साडू वारले, आणि बायकोची थोरली बहीण, म्हणजे नात्याने मास्तरांची आकडसासू, मुलीकडे राहायला निघाली. मुलीचं घर लहान. नवऱ्याचा जीव की प्राण असलेली ती यंत्रं तिथे नेता येईनात आणि विकायला हात धजेना. "तुमच्याकडे राहू द्या," ती मास्तरांना म्हणाली. "ह्यांच्यासारखं डोळे मिटून बसणारं आपल्यात दुसरं आहे कोण?" असे ते स्पीकर, एक जडशीळ अँप्लिफायर आणि खोकंभर सीडी घरात आल्या. सीडी प्लेयर तेवढा नव्हता. तो साडूंच्या आधीच गेला होता, आणि साडूंना मग दुसरा घ्यायची उमेद राहिली नव्हती.

"म्हणजे नळ आहे, बादली आहे," बायको म्हणाली, "पाणी तेवढं नाही."

"पाणी आणू," मास्तर म्हणाले. "खिशाला झेपेल असं आणू."

पुष्कळ वर्षांपूर्वी साडूंनी त्यांना एकदा आपल्या खुर्चीत बसवलं होतं. ती खुर्ची दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, ठरलेल्या अंतरावर असे आणि तिथे साडूंशिवाय कुणी बसत नसे. "डोळे मिटा," साडू म्हणाले. मास्तरांनी मिटले. डावीकडे कुणी तारा छेडायला लागलं, उजवीकडे लांब कुठेतरी बासरी निघाली, आणि मग मधोमध, जिथे नुसती भिंत होती तिथे, एक बाई गायला लागली. तिच्या श्वासावरून ती किती उंच असेल तेसुद्धा कळत होतं. मास्तरांनी न राहवून डोळे उघडले. भिंत. मिटले. बाई. परत येताना ते बायकोला रस्ताभर हे सांगत होते, आणि ती काही न बोलता चालत होती. तिला संगीताची आवड नाही, असं मास्तरांनी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

बायको तशी अबोलच. तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती लोकांच्या विजारी आखूड करी, कोटाच्या बाह्या उसवून पुन्हा शिवी. हात असा, की शिलाई कुठे उसवली होती ते मालकालाही दाखवता येत नसे. माहेरी तिला सगळे 'महाराणी' म्हणत, कारण हाक मारली तरी ती मान वळवत नसे, आणि वळवलीच तर भलतीकडे. तोंडावर हसणारी, कामाला वाघीण, पण तोऱ्यात राहणारी, अशी तिची ख्याती होती. मास्तरांनाही ती पाठ झाली होती. सुरुवातीच्या वर्षांत ते तिला सगळं सांगत. पुढे पुढे, पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं, म्हणून कमी सांगू लागले. भांडण असं कधी झालं नाही. घरात नुसती एक शांतता येऊन बसली होती, आणि दोघंही तिच्या बाजूने सांभाळून ये-जा करत.

आता मात्र मास्तरांच्या डोक्यात एकच घोळत होतं. तिला तसंच मधोमध खुर्चीत बसवायचं. भिंतीतून बाई निघालेली तिला एकदा दिसली पाहिजे.

सीडी प्लेयर मिळणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. बाजारातल्या चकचकीत दुकानातल्या विक्रेत्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या. "सीडी? आता कोण ऐकतं?" मग आतून एक निळ्या दिव्यांचा प्लेयर आणला आणि किंमत अशी सांगितली, की मास्तर "छान आहे हो" म्हणून पावलं बाहेर फेकत निघालेच. शेजाऱ्यांनी माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेयर काढून दिला. "ह्यावर सीडीपण चालते." चालायची, पण गाणं लावायला आधी टीव्ही लावायचा, टीव्हीवर यादी बघायची, आणि रिमोट तर शेजाऱ्यांच्या आधीच्या घरीच राहिलेला. शिवाय तो आतून असा घरघरायचा, की साडूंच्या त्या बाईच्या मागे कुणी पिठाची गिरणी लावून दिलीय असं वाटे.

"बाई गाते का दळते?" बायकोने विचारलं. डीव्हीडी प्लेयर शेजाऱ्यांना साभार परत गेला.

मग तलावावर नियमाने येणाऱ्या एका टपाल कारकुनाने पत्ता सांगितला. दोन गल्ल्या पलीकडे, दातांच्या डॉक्टरच्या शेजारी, जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणारी एक बाई आहे म्हणे.

दुकान अरुंद आणि खोल होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रेडिओ, टेपरेकॉर्डर, उघडी पोटं घेऊन पडलेली यंत्रं. शेवटी एका दिव्याखाली दुरुस्तीवाली बसली होती. तिशीची, केस पेन्सिलीने वर खोचलेले.

"काका, प्लेयर घेताना आवाजाचं फार मनावर घेऊ नका," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. "धड असेल तर साधासुद्धा गोड वाजतो. जुन्यात बघायचं काय, तर सीडी ठेवायचं तबक अडखळतं का, आणि आतला डोळा सीडी पटकन वाचतो का. बाकी तुमच्या अँप्लिफायरला वायर लागली म्हणजे झालं. ऐका आणि ठरवा. फक्त हेडफोन लावून. शेजारी डॉक्टर दात काढतात, आपण मोठ्याने लावलं की त्यांचा हात हलतो म्हणे."

तिने तीन प्लेयर मांडले. एक साधा रुपेरी, बटणांवरची अक्षरं पुसलेला. एक काळा आणि वजनदार. तिसरा एकदम पाच सीडी गिळणारा, मोठ्या पोटाचा. मास्तर दुपारच्या मोकळ्या वेळात साडूंची ती सीडी घेऊन येत, तिथल्या वेताच्या खुर्चीत बसत आणि हेडफोन लावून डोळे मिटत. त्यांना तिन्ही आवडले. पहिल्यात ती बाई सकाळची गायची, दुसऱ्यात दुपारची. पाच सीडींच्या प्लेयरमध्ये एक सीडी संपून दुसरी येईपर्यंत पोटातून गुरगुर ऐकू यायची, आणि त्या गुरगुरीत मास्तरांना झोप लागायची. एकदा तर दुरुस्तीवालीने त्यांना दुकान बंद करायच्या वेळी हलवून उठवलं. कचेरीतली माणसं त्या दिवशी मास्तरांवाचून पोहली. नशीब, कुणी बुडलं नाही.

"काका, असं तुमचं ठरायचं नाही," ती हसून म्हणाली. "काकूंना घेऊन या. घरात ठेवायची वस्तू आहे."

बायको यायला तयार झाली, ती मुख्यतः हा माणूस रोज दुपारी कुठे जातो ते बघायला. तिने दुकानभर नजर फिरवली, धूळ बघून नाक मुरडलं आणि वेताच्या खुर्चीत ताठ बसली. दुरुस्तीवालीने तिच्या डोक्यावर हेडफोन नीट बसवला आणि रुपेरी प्लेयर सुरू केला. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आता बाई दिसेल. आता.

बायकोने भुवया गोळा केल्या. उजव्या कानावरच्या गादीवर बोटाने टकटक केली.

"इकडचं बंद आहे."

"असं कसं?" दुरुस्तीवालीने वायर हलवली, बटण फिरवलं.

"अजून बंदच. डावीकडेच वाजतंय."

दुसरा हेडफोन आणला. तरी तेच. मग काळा प्लेयर लावला. "हाही एकाच बाजूने." मोठ्या पोटाचा लावला. "अहो, सगळे अर्धवटच विकायला ठेवलेत की!" ती मास्तरांकडे वळून म्हणाली. "तुम्ही इतके दिवस येऊन काय ऐकलंत?"

दुरुस्तीवालीचा चेहरा पडला. तिने हेडफोन स्वतःच्या कानांना लावला, काही क्षण ऐकलं, आणि मास्तरांकडे दिला. मास्तरांनी लावला. डावीकडे तारा, उजवीकडे बासरी, मधोमध बाई. सगळं जिथल्या तिथे.

त्यांनी तो काढून पुन्हा बायकोच्या डोक्यावर ठेवला, पण या वेळी उलटा, डाव्याची गादी उजवीकडे करून.

"आता?"

तिने ऐकलं. "आता बासरी यायला लागली."

"कुठल्या बाजूने?"

तिने डाव्या कानावर बोट ठेवलं. "ह्याच. ही चांगली बाजू आहे ना."

पलीकडे डॉक्टरांकडे पाणी सोडल्याचा आवाज आला. मास्तरांनी हळूच तिच्या डाव्या कानावरची गादी उचलून बाजूला धरली.

"आणि आता?"

"आता बंद केलंत तुम्ही," बायको म्हणाली.

प्लेयर चालू होता. त्यावरचे आकडे एकेक सेकंद पुढे सरकत होते, आणि तिला ते दिसत होते. ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली. मग तिने स्वतःच हेडफोन काढून मांडीवर घेतला आणि शिलाई तपासावी तसा दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला.

"लोकांना दोन्हीकडून येतं?" तिने विचारलं.

"हो, काकू," दुरुस्तीवाली म्हणाली.

"सगळ्यांना?"

तिने पदर सावरला, उठली, "घरी चला" म्हणाली, आणि दारापर्यंत जाऊन मागे वळून दुरुस्तीवालीला म्हणाली, "तुमच्या वस्तूंना उगाच नावं ठेवली. मनावर घेऊ नका."

घरी आल्यावर तिने ताईला फोन लावला. मास्तर बघत होते. फोन डाव्या कानाला. आजवर कधी उजव्याला लावलाच नव्हता का? नंतर त्यांनी हे विचारलंही, तर ती म्हणाली, "उजव्या हातात पळी असते. फोन डावीकडेच येणार ना?" पलीकडून ताईचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. आधी ताई हसली. मग म्हणाली, "लहानपणी तुला गालगुंड झालं होतं. ताप उतरेना. आठवडाभर आई उशाशी बसून होती. त्यानंतरच तू... अगं, त्यानंतरच आम्ही तुला महाराणी म्हणायला लागलो."

दोघी बहिणी त्यावर किती वेळ रडत होत्या, की हसत होत्या, मास्तरांना नीट कळलं नाही. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना एकेक आठवायला लागलं. घरात हाक मारली, की ती नेमकी दुसऱ्या खोलीत जाऊन "काय?" विचारी, आणि ते मनात म्हणत, मुद्दाम करते. बाकावर बसताना ती नेहमी उजवं टोक धरे, म्हणजे सगळं जग तिच्या डावीकडे येई. आणि रस्त्याने चालताना मास्तर कायम तिच्या उजवीकडून चालत, गाड्या त्या बाजूने जातात म्हणून. तिला धक्का लागू नये म्हणून. संसाराच्या साऱ्या गप्पा त्यांनी रस्त्याच्या गोंगाटात, तिच्या त्या बंद दारापाशी उभं राहून मारल्या होत्या.

कानांच्या डॉक्टरने तपासलं, कागदावर दोन रेघा काढल्या, डाव्या कानाची वर होती आणि उजव्या कानाची पार तळाला गेली होती, आणि सांगितलं, की हे जुनं आहे, आता परत यायचं नाही. दुसरा कान मात्र ठणठणीत आहे, त्याला जपा. "इतकी वर्षं त्रास कसा झाला नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला वाटलं, ऐकणं म्हणजे हेच," बायको म्हणाली.

"आवाज कुठून येतो, हे कळतं का?"

"आवाज येतो," ती म्हणाली. "कुठून म्हणजे?"

मास्तरांना हा प्रश्न झोपेतही सोडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तलाव रिकामा झाल्यावर ते उंच खुर्चीवरून उतरले, सफाईवाल्या बाईला म्हणाले, "मी खाली गेलो, की काठाने फिरत शिट्टी वाजव. कुठूनही," आणि श्वास भरून तळाला जाऊन बसले.

खाली सगळं हिरवट आणि संथ होतं. उन्हाची जाळी फरशीवर डोलत होती. शिट्टी आली, पण ती कुठल्या बाजूने आली, हे काही केल्या सांगता येईना. ती डावीकडे नव्हती की उजवीकडे नव्हती. ती पाण्यातच होती, त्यांच्या डोक्यात होती, सगळीकडे सारखी. त्यांनी डोळे मिटले. परत वाजली. सफाईवाली चालत होती, हे त्यांना माहीत होतं, आणि तरी ती जणू एकाच जागी, त्यांच्या अगदी आत उभी राहून वाजवत होती. इतकी वर्षं पाण्यात काढली, पण ते तिथे ऐकायला म्हणून कधी थांबले नव्हते. भीती वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. उलट फार जवळचं वाटलं. श्वास संपेपर्यंत ते तिथेच राहिले, आणि वर आल्यावर धापा टाकत काठाला धरून बराच वेळ हसत होते.

"काय झालं हो मास्तर?" सफाईवाली घाबरून म्हणाली.

"काही नाही. घरी जाऊन आलो."

प्लेयर घ्यायला दोघं परत गेली, तेव्हा दुरुस्तीवालीने आधी काकूंकडे बघितलं. बायकोने मात्र थेट मुद्द्याला हात घातला. "तिन्ही चांगले आहेत ना? मग आम्हाला स्वस्तातला द्या. पहिलाच. त्याची अक्षरं पुसलीत तरी चालतील, बटणं मी हाताने ओळखेन."

"त्याचं तबक जरा अडतं, काकू. आतला पट्टा सैल झालाय. नवा बसवून देते." तिने समोरच झाकण काढलं, रबराचं एक बारीक कडं काढून तसंच दुसरं बसवलं. तबक बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा आलं. बायको वाकून ते बघत होती. हा सौदा तिला पटला, कारण त्यात शिवणाच्या मशीनसारखाच पट्टा होता.

"आणि एक सांगू?" पैसे घेताना दुरुस्तीवाली म्हणाली. "तुमच्या अँप्लिफायरवर 'मोनो' म्हणून बटण असेल. ते दाबलं, की दोन्ही स्पीकरांतून सगळं सारखंच येतं. डावं-उजवं उरत नाही. काकूंना बरं पडेल कदाचित."

घरी मास्तरांनी वायरी जोडल्या, खुर्ची मधोमध ठेवली, ठरलेल्या अंतरावर, आणि बायकोला त्यात बसवलं. मोनोचं बटण त्यांनी आधीच, तिच्या नकळत, दाबून ठेवलं होतं. बाई गायला लागली. मास्तर बाजूला स्टुलावर बसले होते. त्यांच्या लेखी गाणं आता चपटं झालं होतं, सगळी मंडळी दाटीवाटीने एकाच दारात उभी राहिल्यासारखी. पण बायको ऐकत होती. तिचे डोळे मिटले होते, मान डावीकडून किंचित पुढे आली होती आणि मांडीवरची बोटं अदृश्य कापड दुमडत होती.

पहिलं गाणं संपल्यावर तिने डोळे न उघडता विचारलं, "ते बटण दाबलंय का तुम्ही?"

मास्तर स्टुलावर चुळबुळले.

"सोडा ते."

"अगं, पण तुला..."

"मला तसंही सगळीकडूनच येतं. तुम्हाला दोन कान दिलेत देवाने, तुम्ही कशाला माझ्यापायी अर्धपोटी राहता?" तिने डोळे उघडले. "सोडा बटण, आणि मला सांगा कोण कुठे आहे ते."

मास्तरांनी बटण सोडलं. दाटी मोडली, मंडळी आपापल्या जागी जाऊन बसली. मास्तर तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, मग वाकले, आणि तिच्या डाव्या कानाशी सांगू लागले. तारांवाला खिडकीच्या अलीकडे आहे. बासरीवाला लांब, बहुतेक जिन्यात उभा आहे, आत यायला लाजतोय. बाई समोर, आपल्या कॅलेंडरच्या खाली.

"केवढी आहे?"

"तुझ्याएवढी."

"खोटं बोलताय."

"थोडी बुटकी असेल."

त्या दिवसापासून रुपेरी प्लेयर घरात रुळला. अक्षरं पुसलेली बटणं बायकोच्या बोटांना इतकी पाठ झाली, की मास्तर चुकीचं बटण दाबायचे आणि ती न बघता बरोबर दाबायची. साडूंच्या खोक्यातल्या सीडी तिने एकेक करून ऐकून काढल्या आणि आपल्या हिशोबाने लावून ठेवल्या: इस्त्रीच्या, हातशिलाईच्या, आणि नुसत्या बसण्याच्या. मास्तरांना 'नुसत्या बसण्याच्या' मधल्या वाट्याला येत. आकडसासू एकदा दोन दिवस राहायला आली, तेव्हा बायकोने तिला खुर्चीत बसवून साडूंची आवडती सीडी लावून दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून गेली. बाहेर येऊन बघते तो ताई शांत झोपली होती, तोंड उघडं टाकून. "भावजी गेल्यापासून दुपारची झोप नव्हती तिला," बायको मास्तरांना म्हणाली. कुणी आवाज कमी केला नाही.

आणि मग एका रविवारी, सीडी संपली होती, तबक बाहेर येऊन तसंच थांबलं होतं, आणि दोघांपैकी कुणालाच उठायचं नव्हतं. खोलीत ऊन आलं होतं. बायको म्हणाली, "अहो, एक विचारायचं होतं."

"विचार."

"इतकी वर्षं रस्त्याने चालताना तुम्ही बोलत होतात ना, ते काय होतं?"

मास्तर चपापले. "तुला माहीत होतं मी बोलतोय ते?"

"ओठ हलताना दिसायचे कधीकधी. मला वाटायचं, स्वतःशीच पुटपुटता. तुमचा स्वभावच तसा, तंद्रीत राहायचा. म्हटलं, माणूस विचारात आहे, मधे कशाला बोला." ती थोडी हसली. "माझी आई मला म्हणायची, या कानाने ऐकतेस आणि त्या कानाने सोडून देतेस. सोडायला तो कान होताच कुठे? जे आत आलं, ते सगळं अजून आत आहे. पण उजवीकडचं काहीच आलं नाही. ते सगळं बाकी आहे. सांगा."

"सगळं?"

"सगळं. मला आज कुठे जायचं नाही."

मास्तरांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांतलं काय काय होतं त्यात. मोठमोठं काही असेल असं त्यांना वाटलं होतं, पण हाताला आलं ते भलतंच. कधीतरी एक म्हाताऱ्या आजीबाई चष्मा लावून पोहायला यायच्या. मान वर काढून, घड्याळाकडे बघत, संथ. एकदा त्यांचा चष्मा पाण्यात पडला, आणि मास्तरांनी तळाशी जाऊन तो शोधला, तर तो तिथे उन्हाच्या जाळीत उताणा पडून, जणू वर बघत होता.

"मग?" बायकोने खुर्ची फिरवून घेतली, म्हणजे तिचा डावा कान त्यांच्याकडे आला.

"मग मी तो वर आणला. तर आजीबाई म्हणतात कशा..."

"थांबा," बायको म्हणाली, "नीट सांगा. आजीबाई कशा होत्या दिसायला? अगदी पहिल्यापासून सांगा."

मास्तर पहिल्यापासून सांगू लागले.